घरची क्लिप

बसच्या कपाळावर कॅमेरे बसवले, तेव्हा विभागप्रमुखांनी जाहीर केले की डोळ्यांत तेल घालून जागणारा पहारेकरी शहराला लाभला आहे. त्याला ना नाते, ना भीड. भाषण आटोपून ते सायकलमार्गिकेत उभ्या केलेल्या आपल्या मोटारीत जाऊन बसले. पहारेकऱ्यावरचे कापड अजून पुरते निघायचे होते, एवढेच.

बससाठी किंवा सायकलींसाठी राखलेल्या पट्ट्यात कुणी गाडी लावली, की जाणारी बस तिचे चित्रण करी, यंत्र अपराध्याभोवती लाल चौकट आखी, आणि ती क्लिप दुसऱ्या मजल्यावरच्या तपासनीस बाईंच्या पडद्यावर येई. शेवटचा शब्द माणसाचा असावा, अशी कायद्याची उदात्त अपेक्षा होती. त्यासाठी माणसाला तीन बटणे दिली होती: मंजूर, नामंजूर आणि धूसर. मानवी विवेकाची परमावधी म्हणजे हे तिसरे बटण. बाईंच्या शेजारच्या टेबलावरचे ज्येष्ठ सहकारी त्याचे एवढे भक्त होते, की सारी कचेरी त्यांना धूसरराव म्हणे.

आप्ताचा निवाडा आप्ताने करू नये, असा नियम होता, आणि नियमाला कचेरीने आपली रीत जोडली होती. आपल्या माणसाच्या गाडीचा नंबर दिसला, की क्लिप उघडायचीसुद्धा नाही. "घरची आहे हो" म्हणून शेजारी सरकवायची. शेजारचा ती धूसर ठरवी, आणि दंड टळे. त्याच्या घरची आली, की तुम्ही फेड करायची. निःपक्षपातीपणाचा इतका निर्मळ आचार विद्यापीठांतही विरळा.

बाईंच्या नवऱ्याची गाडी अशी कितीदा तरी सरकली होती. ती रोज सकाळी कॉफीच्या दुकानापुढे सायकलमार्गिकेत उभी राही, 'दोनच मिनिटं'. चारही दिवे लुकलुकत ठेवले, की पाप उभे राहत नाही, नुसते टेकते, अशी त्याची श्रद्धा होती.

हाच गृहस्थ घरी वडिलांच्या सायकलीवर टपला होता. सासरे निवृत्त भूमापक, सत्तरी ओलांडलेले. रोज सकाळी सायकलने पोहायला जात. सासूबाई गेल्यापासून एकेक करीत त्यांनी सगळे सोडले होते. हे एवढेच उरले होते.

"बाबा, रस्ते आता पहिल्यासारखे राहिलेत का? लोक वाट्टेल तिथे गाड्या लावतात," मुलगा कळवळून म्हणे. "तुमच्या जिवापेक्षा सायकल मोठी आहे का?"

शेवटी त्याने सायकलीला गिऱ्हाईक गाठले. ते दोन दिवसांनी संध्याकाळी येणार होते. सासऱ्यांनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त सायकल पुसायची सोडली.

दुसऱ्याच दिवशी यंत्राने एक सायकलस्वार पकडला. गुन्हा: बसमार्गिकेत शिरणे. सायकलीला नंबर नसतो, तेव्हा दंड कुणाला धाडायचा हे यंत्राला ठाऊक नव्हते. त्याने तत्त्वासाठी पकडले होते. आणि नंबर नव्हता म्हणूनच, क्लिप घरची आहे हे न कळता, बाईंनी ती उघडली.

निळी टोपी, खांद्यावर टॉवेल. सासरे आपल्या पट्ट्यातून संथ चालले होते. पुढे उभ्या गाडीचे दिवे लुकलुकत होते. त्यांनी मागे पाहिले, हात दाखवला आणि गाडीला वळसा घालायला बसमार्गिकेत उतरले. चित्र एकदम पुढे झुकले; ड्रायव्हरने ब्रेकवर उभे राहूनच बस आवरली असावी. टॉवेल उडून काचेखाली नाहीसा झाला. सासऱ्यांनी पाय टेकवला, तोल सावरला, आणि वळून, हात उंचावून, ड्रायव्हरची माफी मागितली.

लाल चौकट त्यांच्याभोवती होती. एका क्लिपमध्ये एकच अपराधी, असे यंत्राला पढवले होते. गाडीचा नंबर बाईंना तोंडपाठ होता.

त्यांच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहून धूसरराव सद्गदित झाले. "घरची दिसतेय. द्या इकडे, मी बसलोय ना!"

"नको. बघितली मी."

"बघितली?" कुणी देवघरात चपला घालून शिरावे, तसा त्यांचा स्वर झाला. "अहो, बघायची कशाला? आणि उद्या माझ्या मेहुणीची आली म्हणजे?"

"मेहुणीबाईंना सांगा, पुढच्या गल्लीत जागा असते."

चौकट हलवायची सोय होती, नुसती कुणी वापरत नसे. बाईंनी ती सासऱ्यांवरून काढली, गाडीभोवती आखली आणि मंजूर दाबले.

संध्याकाळी जेवताना नवऱ्याचा फोन वाजला. दंडाची सूचना, सोबत फोटो.

"हे कुणी केलं?"

"मी."

"घरच्या माणसाला?"

"फोटोत घरची माणसं दोन आहेत. दुसरं नीट बघ."

त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला. वडिलांचे कोपर आणि बसच्या काचेची खालची कड यांच्यामध्ये एक वही मावली असती. सासऱ्यांनी चष्मा मागवला, फोन हातात घेतला.

"टोपी छान दिसते माझी," ते म्हणाले.

"बाबा, तुम्हाला... ती गाडी माझी आहे, हे कळलं नव्हतं?"

"न कळायला काय झालं? मागच्या काचेत माझीच छत्री पडलीय. रोज वळसा घालतो मी तुला."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तू माझ्या जिवाची एवढी काळजी करत होतास, म्हटलं कशाला मोडता घाला?" सासऱ्यांनी फोन परत दिला. "तुझ्या गाडीला गिऱ्हाईक बघू का? वय झालंय तुझं. पुढच्या गल्लीत गाडी लावून चालत यायला जमत नाही तुला."

दुसऱ्या संध्याकाळी गिऱ्हाईक आले, तेव्हा सायकल विकायची नाही, हे नवऱ्यानेच दारात सांगितले. आत सासरे जुन्या बनियनने सायकलीचे आरे पुसत होते.

कॉफीच्या दुकानापुढची जागा मात्र ओस पडली नाही. लोकशाहीत अशा जागा ओस पडत नाहीत. आठवडा संपायच्या आत धूसररावांनी नंबर दिसताच नजर वळवून एक क्लिप शेजारी सरकवली.

"घरची आहे हो," ते म्हणाले. "धूसर असेल बहुतेक."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली, आणि ती उघडली.