कळंबच्या आडतीत अडकलेलं जहाज

बब्रुवान मास्तर उपदेशक म्हणून कळंबात आले, तेव्हा त्यांच्याजवळ एक बाजाची पेटी, येशूच्या चरित्राची मोठाली रंगीत चित्रं आणि मुबलक आवाज एवढं भांडवल होतं. पहिल्याच बाजारी त्यांनी लिंबाच्या झाडाला चित्रं टांगली, पेटीचा भाता हलवला, आणि पहिलं गाणं संपायच्या आत पोलिसांचे अमीनसाहेब हजर झाले. राज्य निजामाचं. चार माणसं गोळा करून बोलायचं तर तहसीलची इजाजत लागे. मास्तरांनी उर्दूत दरखास्त दिली. दरखास्त आत गेली ती गेलीच.

उपदेश बंद म्हटल्यावर उपदेशकानं करायचं काय? मास्तरांचे वडील सोनारीकडं चामड्याच्या मोटा शिवायचे, त्यामुळं हाताला दाभणाची सवय होती. ते शरणबसप्पांच्या आडतीत गेले आणि फाटकी पोती शिवायला बसले. पोती शिवायला इजाजत लागत नव्हती. शिवताना तोंड बंद ठेवावं, असा कायदा करायचं सरकारच्या ध्यानातून राहून गेलं होतं.

आडतीत ऐकणारे तसे ठरलेलेच. गल्ल्यावर कपाळाला भस्म लावलेले खुद्द अप्पा, म्हणजे शरणबसप्पा. पोती वाहणारा गोरोबा हमाल आणि त्याचे सातआठ गडी. सुपात ज्वारी पाखडणारी सिताबाई. मास्तर सांगत ती गोष्ट पहिल्या ख्रिस्ती मंडळीची. येशूच्या मागं राहिलेली मूठभर माणसं गावोगाव कशी गेली, कुठं मार खाल्ला, कुणाच्या घरी जेवली. त्यातला पौल नावाचा गडी राहुट्या शिवून पोट भरायचा, हे कळल्यावर गोरोबा म्हणाला, "म्हंजी तुमच्यावानीच की वं मास्तर. त्यालाबी अमीन भेटला व्हता का?"

"परत्येक गावात," मास्तर म्हणाले.

तेव्हापासून पौल आमच्या गावचा झाला.

पहिल्या वर्षी मास्तरांना पाणी वरून, ओंजळीत मिळे. मग एकदा येशूच्या पट्टशिष्याची, पेत्राची गोष्ट निघाली. पेत्राला आभाळातून उतरलेली चादर दिसते, जे देवानं शुद्ध केलं त्याला तू विटाळ म्हणू नको असा आवाज येतो, आणि तो ज्याच्या उंबऱ्याला शिवायचा नाही त्याच्या घरी जाऊन राहतो. गोष्ट संपली. अप्पांनी घसा खाकरला. "आमच्या मठातबी हेच सांगतेत," ते म्हणाले, "पर ऐकून घरी येईस्तोवर इसरायला होतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा तांब्या मास्तरांच्या हातात दिला.  गोरोबानं तेवढं एक पोतं उगाच दोनदा उचललं.

अशी तीन वर्षं गेली. मिशनानं दिलेल्या वहीत मात्र बाप्तिस्मा घेतलेल्याचं एकही नाव चढलं नाही. मग बार्शीहून पत्र आलं. मोठे पादरीसाहेब येत्या बाजारी येतील. कळंबात विश्वास धरणारं कुणी दिसलं तर ठीक, नाहीतर इथलं काम बंद करून बब्रुवानांना बार्शीच्या दवाखान्यात दारावर नेमण्यात येईल.

मास्तरांनी पत्र वाचून दाखवलं, घडी घातली आणि जेवायला गेले. आडतीला सुतक लागलं. कारण गोष्ट ऐन वाईट जागी थांबली होती. कैदी पौलाला घेऊन जहाज रोमला निघालेलं, वर पावणेतीनशे माणसं, चौदा दिवस तुफान, सूर्य नाही, चांदण्या नाहीत. आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. पूर आलेली मांजरा नदी आठवून सगळ्यांनी कसंतरी भागवलं होतं.

"मास्तर गेलं तर त्या पावणेतीनशे मानसांचं काय?" गोरोबा म्हणाला.

"सायबानं इचारलं की हात वर करायचं," अप्पांनी निकाल दिला. "हात वर कराया काय जातंय?"

"अप्पा, आन् त्यो हनन्या?" सिताबाईचं सूप थांबलं. "पेत्राम्होरं लबाड बोलला आन् धाडदिशी मेला. मागनं बायको आली, तीबी मेली."

 हनन्याची गोष्ट मास्तरांनी फारच चांगली सांगितली होती.

"म्या पयला हात वर करतो," शेवटी गोरोबा म्हणाला. "मेलो तर तुमी करू नका."

साहेब आले. उंच, घामाघूम, मराठी अगदी छापील. पोत्यांच्या थप्पीसमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी कोण कोण प्रभूच्या मार्गाने चालू इच्छितात?"

गोरोबाचा हात वर गेला. तो क्षणभर थांबला. जिवंत होता. मग भराभर बाकीचे हात वर गेले. अप्पांचा एक हात वर होता, दुसरा छातीवरच्या लिंगावर, त्याला वाईट वाटू नये म्हणून. सिताबाईनं मात्र दोन्ही हातांनी सूप घट्ट धरून ठेवलं.

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी वही उघडली, टाक काढला. मास्तरांनी नुसतं दोन मिनिटं पोतं शिवत राहायचं होतं, बस्स.

मास्तर उठले. हातात दाभण तसंच. "साहेब, लिहू नका."

"का?"

"ही माणसं माझ्यासाठी हात वर करत आहेत. मी जाऊ नये म्हणून."

हात एकेक करून खाली आले. गोरोबा कुजबुजला, "काय मास्तर, म्या जीव धोक्यात घातला की वं."

"मग तीन वर्षे तुम्ही केले तरी काय?" साहेबांनी विचारलं.

मास्तरांनी हातातलं दाभण पोत्यात खुपसलं. सिताबाईनं सूप खाली ठेवलं. "सायेब, त्ये जाऊ द्या. जहाज बुडलं का, तेवढं सांगून जावा."

"कोणते जहाज?"

"पौलाचं! तुमी वाचलं न्हाय व्हय?"

आणि आडत सुरू झाली. गोरोबानं तुफान सांगितलं, एका हमालानं त्याला पौलाच्या तुरुंगातल्या भूकंपापाशी मागं नेलं, अप्पांनी पेत्राची चादर उलगडली, सिताबाईनं तिघांच्याही चुका काढल्या. साहेब हळूहळू ज्वारीच्या पोत्यावर बसले. बोलून घसा सुकला तसे अप्पा घटाघटा पाणी प्याले, आणि सवयीनं तोच तांब्या त्यांनी मास्तरांकडं सरकवला. मास्तर प्याले.

साहेबांनी ते पाहिलं. मुलखात तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी वही मिटली.

"मला पुष्कळ गावांतून मोठमोठे आकडे येतात," ते म्हणाले. "'लिहू नका' म्हणणारा हा पहिलाच. बब्रुवान, दवाखान्याच्या दाराला मी दुसरा माणूस बघतो." उठता उठता त्यांनी तांब्याकडं बोट दाखवलं. "मलाही थोडे पाणी."

त्या दुपारी जहाज फुटलं आणि पावणेतीनशेच्या पावणेतीनशे माणसं फळ्या धरून काठाला लागली. गोरोबानं सुटकेचा श्वास टाकला आणि बिडी पेटवली.

तहसीलची इजाजत त्यानंतर आठ महिन्यांनी आली. तीत एका दिवसाच्या सभेची परवानगी होती, आणि तो दिवस दोन वर्षांपूर्वी होऊन गेला होता. मास्तरांनी कागद जपून ठेवला आणि पुढचं पोतं ओढलं.

अप्पा शेवटपर्यंत लिंगपूजा करत राहिले आणि शेवटपर्यंत तांब्या देत राहिले. इजाजत आली त्याच साली सुगीत, कुणी साहेब आलेला नसताना, कुणी काही विचारलेलं नसताना, सिताबाईनं सूप बाजूला ठेवून एक हात वर केला.

"काय गं बाई?" मास्तरांनी विचारलं.

"माझं नाव ल्ह्या वहीत."

मास्तरांनी दाभण खाली ठेवलं. वही काढली, पण उघडली नाही. "माझ्यासाठी न्हाय ना? खरं बोलतीस?"

"हनन्याचं काय झालं ठाव हाय मला," ती म्हणाली. "खोटं असतं तर अशी जित्ती बसून ऱ्हायले असते व्हय?"