खोडाळ्याचा नवसू

माझा नवरा नवसू जन्मभर आमच्या खोडाळा गावाच्याच फुटबॉल संघात मिडफिल्डला खेळला. मोबाईलवर तो एका स्पॅनिश मिडफिल्डरचा निरोपाचा सामना बघायचा. त्यानंही एकच क्लब धरलेला; त्याच्यासाठी अख्खं स्टेडियम उभं राहून रडत होतं.

यंदा आमच्या संघाच्या मेल्यांनी ठाण्याहून पोरं आणली आणि नवसूला बाहेर बसवलं. सामन्याला समोर जामसर गावाचा संघ, त्यांना एक गडी कमी होता.

"तू जा तिकडं," आमचेच लोक हसत म्हणाले.

जामसरची जर्सी घालून तो उतरला. पहिलाच चेंडू पायाशी आला, तो सवयीनं त्यानं खोडाळ्याकडून खेळणाऱ्या ठाण्याच्या पोराला दिला. जामसरवर गोल झाला. ते पोरगं नवसूजवळ धावत आलं.

"थँक्यू, अंकल! आप किस गाँव के हो?"