मागण्याआधी

“थंडी आली की तुझ्या दुकानातून सगळ्यात आधी काय संपतं, दादा?”

धाकट्यानं हे विचारलं तेव्हा खिळेवाले एका गिऱ्हाइकाच्या नळाचा तुटका तुकडा उजेडात धरून बघत होते. त्यांनी तुकडा गल्ल्यावर ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि भावाकडे पाहिलं. त्यानं दुकानाबद्दल आपणहून काही विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

“पाणी तापवायची कॉइल,” ते म्हणाले. “पण ती थंडी पडल्यावर नाही संपत. आता पडणार असं लोकांना वाटायला लागलं की संपते. पडल्यावर संपतात ते प्लग. जुनी कॉइल माळ्यावरून काढतात, लावतात, आणि प्लग जळतो.”

“आणि शाळा सुरू व्हायच्या दिवसांत?”

“कुलपं.”

“कुलपं? शाळेत?”

“अरे, मुलं शाळेत, आईबाप कामावर. घराला कुलूप नको? आणि एक कुलूप घेतलं तरी किल्ल्या जास्तीच्या करून मागतात. एक पोराच्या गळ्यात, एक शेजारणीकडे.”

मग खिळेवाल्यांची गाडी जी सुटली ती थांबेना. खिळे, नळ, बादल्या, दोऱ्या, बल्ब, रंगाचे ब्रश असं सगळं त्या चिंचोळ्या दुकानात होतं, आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूचा हंगाम त्यांना सांगायचा होता. धाकटा स्टुलावर बसून ऐकत होता. मागच्या दारानं त्यांची बायको चहा घेऊन आली आणि दोघांकडे बघतच राहिली.

“आज काय दोघा भावांचं एवढं चाललंय?” ती म्हणाली. “भावोजी, तुम्ही यांना बोलतं केलंत. घरात तर मीठ मागायलासुद्धा बोट दाखवतात.”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. वडील लवकर गेले तेव्हा खिळेवाल्यांना मिसरूड फुटत होतं आणि धाकटा अजून बोबडं बोलत होता. दुकान त्यांच्या अंगावर पडलं, पाठोपाठ धाकटाही. त्यांनी त्याला शिकवलं, शहरात पाठवलं, त्याचं लग्न लावून दिलं. या सगळ्यात त्याच्याशी गप्पा मारायच्या राहून गेल्या. धाकटा सुट्टीला यायचा, स्टुलावर बसायचा, रस्त्याकडे बघायचा. “बरं चाललंय ना?” “हो.” “जेवून जा.” एवढ्यात भेट संपायची.

त्या दिवसापासून मात्र तो आला की काहीतरी विचारायचा. घरपोच सामान पाठवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत तो मालाचं नियोजन बघत होता. एकदा खिळेवाल्यांनीच त्याला विचारलं, “तुम्ही आज सांगितलेलं उद्या दारात कसं रे आणता? एवढं पळवता तरी कसं?”

“पळवून किती पळवणार, दादा? ट्रक शेवटी ट्रकच. वस्तू आधीच येऊन बसलेली असते. कुठल्या भागात काय लागणार याचा अंदाज घ्यायचा आणि लोकांनी मागवायच्या आधीच ती जवळच्या गोदामात ठेवायची. मागितली की उरलं फक्त गोदाम ते घर.”

“म्हणजे मागायच्या आधी आणून ठेवायचं.” खिळेवाले हसले. “यालाच दुकान म्हणतात रे! ते तर मी जन्मभर करतोय.”

धाकटाही हसला. पुढे पुष्कळ दिवस खिळेवाले हे वाक्य येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होते. माझा भाऊ एवढ्या मोठ्या कंपनीत, आणि काम काय, तर माझंच.

पुढच्या वर्षी वळणरस्त्यावरचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना कुणीतरी घेतला. पत्रे बदलले, फरशी झाली, मोठमोठी दारं बसली. गोदाम होणार असं लोक बोलत होते. कुणाचं होणार ते खिळेवाल्यांना प्लंबरकडून कळलं.

हा प्लंबर त्यांचं जुनं गिऱ्हाईक. काम कुठंही असो, सामान खिळेवाल्यांकडूनच घ्यायचा आणि घेताना दोन शिव्याही देऊन जायचा. एका सकाळी तो पिशवी घेऊन समोरच्या बाजूनं चालला होता. खिळेवाल्यांनी हाक मारली तसा तो रस्ता ओलांडून आला, पण पायरी चढला नाही.

“पिशवीत काय आहे?”

“काही नाही हो, काका. नळ आहे.”

“माझ्याकडचा तर नाही दिसत.”

“जिथं काम आहे तिथल्या बाईंनीच मागवून ठेवला होता. काल सांगितला, आज सकाळी दारात. मला म्हणाल्या, तुम्ही फक्त बसवून द्या. आता मी काय करू?” त्यानं मान खाजवली. “बर्फाच्या कारखान्यातून येतंय सगळं. तुमच्या भावाच्याच कंपनीचं ना ते? मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

खिळेवाल्यांना माहीत नव्हतं.

त्या हिवाळ्यात कॉइली खपल्या नाहीत. शेजारच्या घरी खोकं आलं ते त्यांनी बघितलं, वर कॉइलचं चित्र होतं. शाळा सुरू झाल्या आणि कुलपं तशीच राहिली. तेव्हा त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. त्या स्टुलावर बसून धाकट्यानं जे जे विचारलं होतं, ते ते सगळं त्या कारखान्यात नेऊन ठेवलं होतं. आपल्याच तोंडून काढून घेतलं होतं, आणि आपण चहा पाजत सांगत बसलो होतो.

त्यांनी दुकानातूनच फोन लावला.

“गोड बोलून सगळं काढून घेतलंस ना माझ्याकडून?”

“काय काढून घेतलं, दादा?”

“शहाणा बनू नकोस. कॉइल विचारलीस, कुलपं विचारलीस. भाऊ भाऊ म्हणत आलास आणि दुकान उचलून नेलंस. बापाच्या जागी वाढवला तुला.”

“दादा, ऐक तरी. तसं काही—”

“पुन्हा या पायरीवर पाय ठेवू नकोस.” त्यांनी फोन ठेवून दिला.

धाकट्यानं नंतर बरेचदा फोन केला. खिळेवाल्यांनी घेतला नाही. मग तो वहिनीला करू लागला. ती स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात बोलायची. बाहेर आली की खिळेवाले विचारायचे नाहीत आणि ती सांगायची नाही. एकदा तिनं “भावोजींकडे म्हणे...” एवढं म्हटलं तर ते ताटावरून उठून गेले. पुन्हा तिनं विषय काढला नाही.

धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मात्र ती अडून बसली. “अहो, पुतणी आहे तुमची. तुमच्या मांडीवर झोपायची ती.”

“दुकान बंद ठेवता येत नाही.”

“कोण येतंय दुकानात?”

हे तिच्या तोंडून निघून गेलं. ती एकटी लग्नाला गेली. त्या दिवशी खिळेवाल्यांनी सकाळीच दुकान उघडलं, सगळ्या बरण्या खाली काढल्या, पुसल्या आणि परत जागेवर लावल्या. गिऱ्हाईक आलं ते एकच, सुटे पैसे मागायला.

दुकान एकदम बंद पडलं नाही. आधी दुपारचं बंद राहायला लागलं, मग माल भरणं कमी झालं. मग एक चष्मेवाला भाड्यानं जागा मागायला आला आणि खिळेवाल्यांनी दिली. आता तिथं आरसे आहेत, पांढरा उजेड आहे. खिळेवाले त्या बाजूनं जात नाहीत. पण गावात त्यांना अजून खिळेवालेच म्हणतात.

मध्ये किती वर्षं गेली ते खिळेवाल्यांनी मोजलं नाही. मग एके दिवशी बायकोनं न्हाणीघरात धरायला म्हणून भिंतीवर बसवायचा दांडा मागवला. तो आखूड निघाला.

“जाऊन बदलून आणा,” ती म्हणाली.

“कुठं जाऊन?”

“कारखान्यात. दुसरं कुठं?”

“मी तिथं पाऊल टाकणार नाही.”

“नका टाकू. मी पडते न्हाणीघरात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी खिळेवाले दांड्याचं खोकं काखेत घेऊन फाटकाशी उभे होते. आतल्या मुलीनं खोकं ठेवून घेतलं आणि म्हणाली, “काका, याच्यासाठी यायची गरज नव्हती. आमचा माणूस घरी येऊन घेऊन जातो. काकूंना तसं सांगितलं होतं की आम्ही.”

खिळेवाले काही बोलणार तोवर मागून आवाज आला. “दादा.”

धाकटा उभा होता. केस पार पांढरे झाले होते, आणि वडील कधी म्हातारे झालेच नव्हते, तरी म्हातारे झाले असते तर असेच दिसले असते असं खिळेवाल्यांना वाटून गेलं.

“वहिनींनी कळवलं होतं,” धाकटा म्हणाला. “मी या आठवड्यात इथंच आहे. आत येतोस?”

नाही म्हणायचं त्यांच्या जिभेवर होतं. पण पाय आत गेले.

आत मांडण्याच मांडण्या होत्या, छतापर्यंत. खिळेवाले पहिल्याच मांडणीपाशी थबकले. एका कप्प्यात बाळाची दुधाची बाटली, तिला लागून पान्यांचा संच, त्यावर टेकलेली उशी.

“हे काय लावलंय? काही शिस्त?”

“मुद्दामच तसं. जिथं जागा रिकामी तिथं ठेवायचं. एकसारख्या वस्तू शेजारी ठेवल्या की घाईत चुकीची उचलली जाते. कुठं काय आहे ते यंत्र सांगतं.”

मनगटाला यंत्र बांधलेली एक बाई जवळजवळ धावतच आली, बाटली उचलून घेऊन गेली. तिनं या दोघांकडे पाहिलंही नाही. पुढे पट्ट्यावरून खोकी सरकत होती आणि ज्या त्या भागाच्या पिंजऱ्यात पडत होती. दुपारी गाड्या निघतात, धाकटा सांगत होता, एक गाडी एक भाग, कुठल्या घरानंतर कुठलं घर तेही आधी ठरलेलं. खिळेवाले अर्धवट ऐकत होते. मांडण्यांमधून त्यांची नजर आपल्या वस्तू शोधत होती. कॉइली दिसल्या. कुलपंही दिसली, एका बाहुलीच्या मागे.

“हेच ना ते?” ते म्हणाले. “मी सांगितलेलं?”

धाकटा थांबला.

“दादा, तू सांगितलेलं मी इथं कुणालाच सांगितलं नाही.”

“मग हे कसं आलं?”

“इथं माणसाला कुणी विचारत नाही. लोकांनी पूर्वी काय मागवलं, काय नुसतं बघून सोडलं, त्यावरून संगणक ठरवतो. मलासुद्धा विचारत नाही. मी फक्त त्यानं सांगितलेलं आलंय का ते बघतो.”

खिळेवाल्यांनी मांडणीला हात टेकला. “मग तू मला का विचारत होतास? दर वेळी नवीन, खोदून खोदून?”

धाकट्यानं मांडणीतलं एक तिरकं खोकं सरळ केलं. पट्ट्याची घरघर चालूच होती.

“तू बोलायचास,” तो म्हणाला. “दुकानाचं विचारलं की तू बोलायचास, दादा. दुसरं काय विचारलं तर बोलशील ते मला कधी कळलंच नाही.”

खिळेवाले मांडणीकडेच बघत म्हणाले, “तेव्हाच सांगायचंस.”

“तू फोन ठेवलास. आणि नंतर वाटलं, माझ्यामुळं नाही तरी मी ज्यांचं खातो त्यांच्यामुळंच दुकान गेलं ना. मग काय तोंडानं सांगू?”

ज्या एका गोष्टीवर ते इतकी वर्षं पाय रोवून उभे होते ती कधी घडलीच नव्हती, आणि पुतणीचं लग्न मात्र होऊन गेलं होतं.

दोघं चालत फाटकापर्यंत आले. बाहेर गाड्या रांगेत लागत होत्या.

“मुलगी कशी आहे?” खिळेवाल्यांनी विचारलं.

“बरी आहे. तिला मुलगी झाली. आता शाळेत जाते.”

“शाळेत?” ते पुटपुटले. मग म्हणाले, “तू अजून तिथंच राहतोस ना? खाली शिंपी होता, त्या घरात?”

“ते घर सोडून पुष्कळ दिवस झाले, दादा. मध्ये अजून एक घर झालं. वहिनी आल्या होत्या ना तिथं.”

“हो, ती आली होती.” खिळेवाल्यांनी चष्मा सारखा केला. “आता कुठं मग?”

धाकटा सांगू लागला. बसमधून कुठं उतरायचं, कुठल्या बाजूनं वळायचं, पाण्याची टाकी कुठं लागते. खिळेवाले मान हलवत ऐकत होते. मध्येच थांबवून एक वळण त्यांनी पुन्हा विचारलं.

“जिने चढावे लागतात का?”

“नाही. लिफ्ट आहे.”

“काका, पास राहिला तुमच्याकडे,” फाटकावरचा पहारेकरी म्हणाला.

खिळेवाल्यांनी खाली बघितलं. आत शिरताना कुणीतरी गळ्यात घातलेली पट्टी अजून लोंबत होती, तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘पाहुणा’ असं लिहिलेलं. ते ती काढायला गेले, पण पट्टी चष्म्याच्या काडीत अडकली. धाकटा जवळ आला. खिळेवाल्यांनी मान खाली घातली आणि तो चष्म्याला धक्का लागू न देता ती सोडवेपर्यंत तशीच ठेवली.