उलटलेल्या होडीखालचं बोलणं

मी नदीवरची रबरी होडी बोलतेय. राफ्ट म्हणतात मला. अंगात हवा होती तेव्हा मी पुष्कळ माणसं वाहिली. त्यांतल्या बहुतेकांचे चेहरे आता आठवत नाहीत. चौघांचे मात्र आठवतात, आणि त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय माझं सांगणं पुरं व्हायचं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलावर जाड रबरी कापडाचे पट्टे पसरलेले असत. बायका त्यांच्या कडांना सोल्यूशन लावत आणि वरून लोखंडी रूळ फिरवत. माझी डावी बाजू जिच्याकडे होती ती बाई दिवसभर आपल्या सासूबद्दल बोलायची. बोलता बोलता रुळावरचा तिचा जोर वाढायचा. तो जोड शेवटपर्यंत सुटला नाही.

नंतर मला गुंडाळून ट्रकमध्ये घातलं आणि या नदीवर आणलं. इथे डोंगराच्या पायथ्याशी साहसी खेळांचा एक तळ आहे. एका बाजूला चढायचे कडे, वर दरीवरून ताणलेली तार, खाली आम्ही. उन्हाळाभर पाणी, हिवाळाभर शेडमधलं फडताळ, असं माझं वर्ष जायचं. फडताळात उंदीर सोडून कोणी विचारत नसे.

माणसं माझ्यात बसायला आली की थोड्याफार फरकाने सारखीच वागतात. पोहता येणारे गप्प असतात. न येणारे विनोद करतात. पाणी किती खोल आहे हे प्रत्येक जण विचारतो. ते कळून उपयोग काय, हे मला कधी समजलं नाही. फोटोपुरती मात्र सगळेच शूर असतात.

तर ते चौघं. एकाच कॉलेजात शिकलेले, नोकरीसाठी आपला देश सोडून इकडे आलेले आणि चार वेगळ्या गावांत पांगण्याऐवजी तीन गावांत राहणारे, कारण त्यांतले दोघं नवरा-बायको होते. नवरा पुलांचा इंजिनियर, बायको दातांची डॉक्टर. तिसरा बारक्या. त्याचं नाव ऐकून मी निश्चिंत होते, आणि तो बसल्यावर माझी मागची बाजू वीतभर खाली गेली. चौथी ताई. ती या तिघांच्याच वयाची होती, पण तारखा ठरवणं, गाडी सांगणं, सगळ्यांनी स्वेटर घेतलेत ना ते बघणं हे सगळं तीच करायची, म्हणून ताई.

त्यांची भाषा मला कशी कळली ते विचारू नका. अंगावर बसलेल्या माणसाचं बोलणं कळतंच.

आदल्या दिवशी, शनिवारी, ते तारेवरून दरी ओलांडून आले होते. "बारक्या निम्म्यात अडकला आणि तिथून ऑफिसला फोन लावायला निघाला," ताई सांगत होती.

"राजीनामा द्यायचा होता," बारक्या म्हणाला. "म्हटलं, मरताना तरी साहेबाचा नोकर नको."

आमच्या गाईडला सगळे कॅप्टन म्हणत. पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. ती माझ्या शेपटाकडे बसायची. तिने चौघांना वल्ही कशी धरायची ते दाखवलं, पाय पट्ट्यात अडकवून बसायला सांगितलं, आणि नवरा-बायकोला पुढे बसवलं, एक डावीकडे, एक उजवीकडे.

ते दोघं मला जरा निराळे वाटले. भांडणारी जोडपी मी खूप पाहिली. ती एकमेकांवर पाणी उडवतात, वल्हं चुकलं की दात-ओठ खातात. हे दोघं फार नीट वागत होते. त्याने तिच्या जॅकेटचा पट्टा ओढून पाहिला. "जास्त घट्ट झाला का?" तिने मान हलवली. "असू दे. थँक्यू." बँकेतल्या खिडकीपाशी बोलतात तसं.

पहिले दोन-तीन खळाळ मजेत गेले. मग नदी सपाट झाली, दोन्ही बाजूंनी कडे वर चढले आणि ताईने पुढच्या वर्षीचा विषय काढला.

"पुढच्या वेळी बर्फात जाऊ. चौघांनी आत्ताच सुट्टी टाकून ठेवा."

पुढच्या दोघांची वल्ही चालत राहिली. कोणी मागे वळलं नाही.

"तुमच्या तोंडाला कुलूप का?" बारक्याने विचारलं.

"बघू," इंजिनियर म्हणाला.

पुढच्या वळणावर नदीच्या मधोमध एक खडक आहे. त्याला बगल देऊनच जायचं असतं, आणि कॅप्टन वर्षानुवर्षं तसंच जात होती. त्या दिवशी पाणी वाढलेलं होतं. तिने सगळ्यांना मागे वल्हवायला सांगितलं. बारक्याचं वल्हं दगडात अडकून हातातून सुटलं. माझं तोंड फिरलं, मी खडकावर आडवी चढले आणि पालथी झाले.

बारक्या, ताई आणि कॅप्टन माझ्या पुढे वाहत गेले. कॅप्टनने एकेकाचं जॅकेट धरून त्यांना काठाकडे ढकललं. इंजिनियर माझ्या कडेच्या दोरीला धरून वर आला. त्याने पाण्यावरची डोकी पाहिली. एक कमी होतं. त्याने बायकोला हाक मारली नाही, कोणाला काही विचारलं नाही. श्वास घेतला आणि माझ्याखाली शिरला.

होडी पालथी झाली की तिच्या पोटाखाली थोडी हवा उरते. डोकं वर काढता येईल एवढी जागा. तिथे हिरवट काळोख होता आणि त्यात डॉक्टरचं तोंड पाण्याच्या जरासं वर होतं. तिथे जे बोलणं झालं ते फक्त मी ऐकलं.

"पाय अडकलाय," ती म्हणाली. "डावा. ओढू नकोस, पट्टा पिळला गेलाय."

तो खाली गेला. वर आला. "बूट काढावा लागेल."

"लेसला दोन गाठी आहेत."

"दोन?"

"मी दोनच मारते. आत्ता त्यावर बोलायचं का?"

तो पुन्हा खाली गेला आणि वर आला तेव्हा त्याला धाप लागली होती. मी वाहतच होते. पुढच्या खळाळाचा आवाज दोघांनाही ऐकू आला.

"तू बाहेर जा," ती म्हणाली. "दोघं कशाला?"

"एक गाठ सुटली. दुसरी राहिलीय."

"हे आधीच सांगते," ती म्हणाली. " यातून सुटले म्हणून माझं ठरलेलं बदलणार नाही. सोमवारी मी नव्या घरी जातेय."

"माहितेय. सामानाचा टेम्पो मीच सांगितलाय. गुडघा वाकव."

तिला हसू फुटलं आणि तोंडात पाणी गेलं. ती खोकत राहिली, त्याने एका हाताने तिची हनुवटी वर धरली आणि दुसऱ्या हाताने खाली गाठ चाचपली. मग पाय सुटला. बूट माझ्या पट्ट्यातच राहिला.

काठावर कॅप्टनने दोघांना वर ओढून घेतलं आणि डॉक्टरचा घोटा दाबून पाहिला. सुजला होता, मोडला नव्हता. मला दोरीने खेचून कडेला लावलं. ताईचा बांध फुटला. दोघांना एकदम मिठी मारून ती म्हणाली, "तुमच्यासारखं जोडपं मी पाहिलं नाही. जीव धोक्यात घालून गेला हा तुझ्यासाठी."

डॉक्टरने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने खांदे जरा हलवले, तू सांगतेस तर सांग, अशा अर्थाने.

"ताई," ती म्हणाली, "आम्ही वेगळे होतोय."

बारक्या अंगाला टॉवेल गुंडाळून कुडकुडत बसला होता. त्याने एकदा नदीकडे पाहिलं, एकदा त्या दोघांकडे. "म्हणजे, आत्ता खाली ठरलं?"

"नाही रे. बरेच दिवस झाले."

"मग आलात कशाला?" ताईचा आवाज चढला. "आम्हाला मूर्ख बनवायला?"

"तू तारीख ठरवली होतीस," इंजिनियर म्हणाला. "तुला नाही कोण म्हणणार? आणि परत असे चौघं जमू की नाही, ठाऊक नव्हतं."

डॉक्टर आपला अनवाणी पाय चोळत होती. "हा वाईट माणूस नाही, ताई. मीही नाही. पण संध्याकाळी घरी आलो की आम्ही दोघंही खाली आपापल्या गाडीत बसून राहतो, आधी कोणी वर जायचं म्हणून. असं किती दिवस चालवायचं?"

ताई उठली, लांब जाऊन पाठमोरी उभी राहिली, आणि परत आली ती स्वतःचा पायमोजा पिळत. तो तिने डॉक्टरच्या पायात चढवला. मघाशी मिठी मारली होती त्यापेक्षा या कामाला तिला जास्त वेळ लागला.

तिथून वर जायला वाट नाही. दोन्हीकडे सरळ कडे. तळावर परतायचं तर माझ्यातच बसावं लागणार होतं. कॅप्टनने मला सुलटी केली आणि वाहत काठाला लागलेली वल्ही गोळा केली. चौघं उभेच राहिले.

"आता कोणी कुठे बसायचं?" बारक्याने विचारलं.

"होतो तिथेच," डॉक्टर म्हणाली.

आणि ते बसले. पुढचा खळाळ मोठा होता. चौघांची वल्ही एका वेळी पाण्यात गेली, एका वेळी बाहेर आली. मी सरळ पार झाले. त्याचा फार अर्थ लावू नये. कॅप्टन ओरडेल तसं वल्हवलं की होडी सरळ जाते.

पुढच्या उन्हाळ्यात ताई आणि बारक्या डॉक्टरला घेऊन आले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात इंजिनियरला. ताईने दोघांना वर्षाआड वाटून घेतलं होतं. इंजिनियर आला तेव्हा सपाट पाण्यावर ती चाचरत म्हणाली, "ती बरी आहे हं."

"माहितेय. मागच्याच आठवड्यात माझी अक्कलदाढ काढली तिने," तो म्हणाला. "दुखलं नाही."

ताई हसली नाही, पण त्या दिवशी तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

नंतर मीही थकले. उन्हाने माझं कापड कडक झालं, बुडाला बारीक भोकं पडली. हवा सकाळी भरली तर दुपारी सैल व्हायची. आता मी शेडच्या मागे पडून आहे. दुसऱ्या कुठल्या होडीला चीर गेली की कॅप्टन कात्री घेऊन येते आणि माझ्यातला एक चौकोन कापून नेते. उजवी बाजू जवळजवळ संपली. पाण्यावर जाणाऱ्या चार-पाच होड्यांच्या अंगावर माझी ठिगळं आहेत. तिथून माणसांचं बोलणं मला ऐकू येत नाही.

तुम्ही कधी माझ्यासारखीत बसलात तर एवढं करा. पाय पट्ट्यात बोटांपुरताच घाला, टाचेपर्यंत नको. आणि शेजारचा गप्प असेल तर त्याला पुढच्या वर्षीची तारीख विचारू नका. त्याला वाटलं तर तो सांगेल.

कात्रीचा आवाज येतोय. येते मी.