डाव्या अंगाचा डाळिंबी रंग

मार्गशीर्षातली पहाट. पंचगंगेवर धुकं, धुक्याला सोनेरी कड, आणि साऱ्या आसमंतात गुऱ्हाळांचा तो गोड, जडावलेला, कढत्या रसाचा वास. पुलावरून एक डाळिंबी गाडी जाते. डाळिंबी, ठेंगणी, रुंद खांद्यांची. आधी तिचा गंभीर मंद्र स्वर येतो, मग ती येते, आणि ती गेल्यावरही तो स्वर पाण्यावर थोडा वेळ रेंगाळतो.

गाडी जपानी, जन्म एकोणीसशे बाहत्तरचा. आत बसलेले हिंदुराव सासने, उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीचे मालक. फाउंड्री आता मुलाकडे. हिंदुराव फक्त रविवारचे मालक.

कुण्या बोटीवरच्या कप्तानानं ती समुद्रापार आणली, मिरवली आणि विसरली. अठरा वर्षांपूर्वी ती एका गोठ्यात कडब्याखाली सापडली. हिंदुरावांनी आणि बाबालाल शिकलगार मिस्त्रीनं तिला पुन्हा उभं केलं. स्प्रिंगा बदलून जमिनीलगत बसवली. एका कार्बोरेटरच्या जागी दोन आले. चाकं तर हिंदुरावांनी स्वतःच्या भट्टीत ओतली. सात वेळा साचा फसला, आठव्यांदा चाक उतरलं, तेव्हा दोघांनी कारखान्यात पेढे वाटले.

फक्त आरसे तेवढे मूळचे. ते दारांवर नव्हते. पुढच्या चाकांच्या वर, बॉनेटच्या दोन कडांना, आपापल्या दांडीवर ते उभे होते. उजव्यात येणारं जग, डाव्यात जाणारं जग, असं हिंदुराव म्हणायचे. डाव्यात आपण हल्ली बघतच नाही, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

आणि मग तो मंगळवार आला. पुसायला म्हणून त्यांनी गाडीवरचं कापड उचललं, आणि थिनरचा वास आला. ओला, तिखट, ताज्या रंगाचा वास.

संशय असाच येतो. दार वाजवत नाही, चपला काढत नाही, थेट माजघरात येऊन बसतो.

रंग कुणी लावला? का लावला? गाडीच्या शेडची दुसरी किल्ली एकट्या बाबालालकडे. असली गाडी नवरदेवाच्या वरातीला कोण मागणार नाही? दिली असणार. कुणीतरी घासून आणली असणार. आणि आता हा गुपचूप रंगरंगोटी करतोय! चाळीस वर्षांच्या सोबतीचा माणूस, पण मनानं एका क्षणात त्याला परका केलं.

मग हिंदुराव पहाऱ्याला बसले. रविवारी फिरून आल्यावर त्यांनी उजव्या चाकावर, जमिनीला टेकतं तिथं, खडूनं बारीक रेघ ओढली. गाडी हलली की रेघ फिरणार. सोमवारी दुपारी, जेवणानंतर डोळे मिटून पडले असताना, त्यांनी बायकोचा दबका आवाज ऐकला.

“आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. या लवकर, बाबालालभाऊ.”

म्हणजे इंदुमतीही! गेल्या दिवाळीपर्यंत ती दर रविवारी शेजारी बसायची आणि सारखी म्हणायची, “जरा उजवीकडं घ्या की, अहो, उजवीकडं!” वैतागून त्यांनी तिला नेणंच बंद केलं होतं. आता तिनं हा सूड उगवला की काय? पांघरुणात हिंदुरावांचे कान उभे राहिले, अंग मात्र उठेना. जे दिसेल ते पाहायची त्यांना भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी बाबालाल भेटला. त्याच्या नखांत चुना होता. तंबाखू तर हा आयुष्यात खात नाही! हिंदुरावांनी तेही मनात टिपून ठेवलं.

शनिवारी त्यांनी चाक पाहिलं. रेघ जागची हलली नव्हती. एखादा शहाणा माणूस इथं थांबला असता. पण संशयाला पुरावाही मिंधा वाटतो. बाबालालनंच पुसून पुन्हा ओढली असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. संध्याकाळी बाबालालला बोलावलं. इंदुमती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

“कुणाच्या वरातीला दिलीस गाडी?”

“कुणाच्या न्हाई, मालक.”

“मग रंग कशाचा? भुतानं लावला? किल्ली ठेव हितं.”

बाबालालनं खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली. उंबऱ्यात तेवढा वळला.

“उद्या सावकास जावा, मालक. डाव्या अंगाला मान वळवून बघत जावा.”

“आता तू मला गाडी शिकवणार?”

तो गेला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरातून चहा न पिता गेला. कपातल्या चहावर साय धरली, आणि हिंदुरावांना जिंकल्यासारखं काही वाटेना.

रविवार उजाडला. धुकं, कोवळं ऊन, ऊसतोडणीच्या फडांतून उठणारे पांढरे पक्षी. पाय जरा दाबला की दोन्ही कार्बोरेटर श्वास ओढत, आणि सत्तरीतल्या हिंदुरावांची पाठ आसनाला टेकून तरणी होई. या एका सकाळसाठी ते सहा दिवस जगत. पन्हाळ्याच्या वाटेवरचा वाघबीळचा घाट चढताना प्रत्येक वळण तळहातात येई. आज मात्र वळणावळणावर बाबालालचं बोलणं सोबत चढत होतं.

त्याआधी केर्लीजवळ उसाची बैलगाडी अंगावरच आली होती. कुठून आली कुणास ठाऊक! गाडीवान ओरडला, “ओ पाव्हणं! दिसत न्हाई व्हय?”

“काय एकेक माणसं,” हिंदुराव पुटपुटले. पण पन्हाळ्यावर पोचल्यावर झुणका-भाकर अर्धी टाकून ते उठले.

घरी वळताना फाटकात बारीक आवाज झाला. खर्रर्र. एरवी इंजिनाच्या घुमाऱ्यात तो त्यांना कधी ऐकू आलाच नव्हता. आज ते गाडीला कान लावूनच बसले होते.

शेडमध्ये गाडीच्या डावीकडे जुन्या साच्यांची अडगळ होती. त्या बाजूला ते सहसा जात नसत. आज तिरके होऊन शिरले. डाव्या अंगावर, बाबालालच्या ताज्या डाळिंबीवर, लांबलचक पांढरा ओरखडा होता. हाताला चुना लागला.

ते फाटकाशी आले. डाव्या खांबाचा चुना खरवडला गेला होता. आणि खाली डाळिंबी रंग होता. नखानं उकरलं, त्याखाली चुना. त्याखाली पुन्हा डाळिंबी, पुन्हा चुना. किती रविवार त्या खांबात निजले होते! दर सोमवारी कुणीतरी येऊन गाडीची जखम झाकली होती आणि खांबाची साक्षही पुसली होती.

हिंदुरावांनी उजव्या डोळ्यावर हात धरला.

फाटक गेलं. चाफा गेला. अंगणाच्या कडा विझल्या. मधोमध एक चिमूट उजेड तेवढा उरला, आणि त्या चिमटीत इंदुमती उभी होती, पदराचं टोक तोंडात धरून. ज्या डोळ्यानं सगळ्यांवर पहारा ठेवला, तोच डोळा फितूर निघाला होता. हिंदुरावांना लाज वाटली, भीती वाटली, आणि त्याहून जास्त बाबालालची आठवण आली.

“पुढच्या रविवारी सांगू, पुढच्या रविवारी सांगू म्हणत पावसाळा गेला, दसरा-दिवाळी गेली,” इंदुमती रडत म्हणाली. “त्या एका दिवशीच तुमचं तोंड खुललेलं असतंय हो. जीभच उचलंना. उद्या एखादं लेकरू आडवं आलं असतं, तर मी कुणाला तोंड दाखवणार होते?”

हिंदुराव शेडची किल्ली घेऊन चालत बाबालालच्या घराकडे निघाले. बाबालाल दारात बसून औषधाच्या बाटलीत रंग घोटत होता. डाळिंबीत काळ्याचा एक थेंब, जुन्या रंगाशी जुळावा म्हणून. मालकांना पाहून त्यानं बाटली मागं सारली.

“लपवू नकोस. लागणार आहे.”

“मालक, रंग लावता येतोय,” बाबालाल खाली मान घालून म्हणाला. “सांगायचं कसं, त्ये न्हाई जमलं. चुकलंच माझं. जिवाशी खेळ केला आम्ही तुमच्या.”

“आणि मी तुला चोर केलं.” हिंदुराव म्हणाले. त्यांनी किल्ली त्याच्या रंगानं माखलेल्या मुठीत घातली. “ऊठ. काल तुझा चहा राहिला होता.”

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येत नाही. उरलेली थेंब घालघालून राखायची. उजव्या डोळ्यालाही सुरुवात होती. हिंदुराव दोन दिवस शेडकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाबालालकडून खांबाला ताजा चुना लावून घेतला, उघडपणे, समोर खुर्ची टाकून.

पुढचा रविवार. तेच धुकं, तोच कढत्या रसाचा वास, तीच डाळिंबी, ठेंगणी, रुंद खांद्यांची गाडी. स्टिअरिंगवर बाबालाल. मागच्या अरुंद बाकावर गुडघे दुमडून इंदुमती. आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा हिंदुराव डाव्या बाजूला. घाटात ते “दाब की! दाब!” म्हणून ओरडले, आणि बाबालालनं दाबला तेव्हा तिघंही पोरांसारखे हसले.

परतताना फाटकाशी बाबालाल थांबला. बाजूला शुभ्र, कोरा खांब.

हिंदुरावांनी मान पुरती वळवली. काच खाली केली, हात बाहेर काढला, आणि खांबावर पंजा टेकवला.

“घे,” ते म्हणाले.

गाडी सावकाश, अगदी सावकाश आत आली. खांब तळव्याखालून मागे सरकत गेला. डाळिंबी अंगाला काही लागलं नाही. पाच बोटांना तेवढा चुना लागला.