माझ्या डोळ्यांतून

इजिप्तमधल्या तांता शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात प्राध्यापक रुश्दी म्हणजे बडं प्रस्थ. पाहुण्याला 'नाही' म्हणणं त्यांच्या खानदानातच नव्हतं. त्यामुळे डोळ्याच्या पडद्याच्या आजारासाठी नवी, आयती भरलेली सिरिंज घेऊन हॉलंडच्या एका कंपनीचा हेंक आला, तेव्हाच ती पास झाल्यात जमा होती.

चाचणी खाटकाकडून आणलेल्या मेंढ्याच्या डोळ्यांवर होती. दट्ट्या सिरिंजवरच्या रेघेपर्यंत आणून जादा औषध आधी सांडायचं, मग उरलेलं टोचायचं. रेघ इतकी फिकट, की रुश्दींना ती दिसलीच नाही. सगळं औषध आत गेलं आणि डोळा गोटीसारखा टणक झाला.

"कशी वाटली?" हेंकनं विचारलं.

"झकास! आंधळ्यालासुद्धा जमेल!"

"सर, पण रेघ..." त्यांच्या हाताखालची डॉक्टर मग्दा कुजबुजली.

"गप गं! पाहुण्याला नावं ठेवतात का?" म्हणत त्यांनी अभिप्रायाच्या कागदावर 'अतिशय सोपी'पुढे खूण केली.

"मग उद्या पेशंटना द्यायला सुरुवात. तुमची साथ आहे ना?"

"माझ्या डोळ्यांतून!" रुश्दींनी छातीवर हात ठेवला.

आता तांतात चहा मागितला तरी लोक 'माझ्या डोळ्यांतून' म्हणतात. 'आनंदानं' एवढाच त्याचा अर्थ, कुणी डोळा काढून देत नाही. पण हेंक अरबी शिकला होता पुस्तकातून. त्यात रुश्दींच्या पडद्यालाही साखरेपायी सूज आहे, मग्दाच त्यांना सुई देते, हे त्याच्या कानावर आलं होतं. तो गहिवरलाच.

"पहिला डोळा तुमचा! केवढं हे मन!"

दवाखान्यानं टाळ्या वाजवल्या. रुश्दींचं झालं तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

सकाळी ते टेबलावर आडवे झाले. थोडं जास्त गेलं तर डोळा कायमचा गेला, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

मग्दानं सिरिंज उजेडात धरली. "सर, दट्ट्या कुठवर आणू?"

"रेघेपर्यंत."

"कुठली रेघ? काल तुम्हाला दिसली होती ना?" मग्दाचा आवाज अगदी साळसूद.

"थांब गं बाई! रेघबीघ काही दिसत नाही त्या मेलीवर! जुनी सिरिंज आण!"

हेंक गडबडला. "पण तुम्हीच 'अतिशय सोपी' म्हणालात!"

"अहो, ते पेशंटच्या डोळ्यांसाठी म्हणालो होतो!"

दार सताड उघडं होतं. बाहेर बाकांवर डोळ्यांत थेंब घालून बसलेल्यांनी ते ऐकलं. आधी एक म्हातारी उठली, आणि मग सगळेच चाचपडत चपला शोधू लागले.