थोरलीचं नाव

"पाऊल उचल, पोरी. पाणी गार आहे, पण तुझ्यासाठीच आणलंय."

सत्तावीस वर्षांमागचा हा आवाज अजून माझ्या घोट्यांशी आहे. उंबऱ्याशी उकिडव्या बसून सासूबाई माझे पाय धूत होत्या आणि मान वर न करता सांगत होत्या, "एवढं ध्यानात ठेव. या घरात तुझ्याआधी आलेल्या कुणाला नावानं हाक मारायची नाही. काल जन्मलेलं पोर असलं तरी ते तुझ्याहून थोरलं. प्रत्येकाला तू आपलं एक नाव द्यायचंस. गोड लागावं म्हणून गोड देऊ नकोस. तुला दिसेल ते दे."

मोठ्या वन्सं चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"आई, घासून धू गं. दगड खाऊन वर पाणीही न पिणारी जात ती. धूळ आतपर्यंत असेल."

अंगण हसलं. ढोलवाला हसला, वाटेवरच्या बायका थांबून हसल्या. नवरामुलानं ओठ चावला, पण त्याचे खांदे हलताना मी पाहिले. मग वन्संनी माझं नाव विचारलं. मी म्हणाले, नवाकाएगो. मूल पैशाहून मोठं, असा त्याचा अर्थ. तोही मी भाबडेपणानं सांगून टाकला.

"बघा! इग्बोंची पोर, नावातसुद्धा पैसा घेऊन आली!"

अंगण पुन्हा हसलं. पाणी गारच होतं.

इसेयिन, माझं सासर, हे योरुबा विणकरांचं गाव. पहाटेपासून माग ठकठकतात, आणि अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणे पसरलेले असतात, प्रत्येकाच्या शेवटी एकेक दगड बांधलेला. वीण पुढे सरकते तसा दगड इंचाइंचानं जवळ येतो. त्या ठकठकीत मी नावं शोधली. दात शुभ्र म्हणून मधले भावजी झाले कवडीदात्या. धाकट्या वन्सं हसल्या की फुटलेल्या बोंडासारख्या दिसत, त्या कापूसबोंडी. नवरा शाळामास्तर, तो फळ्याचा धनी. नाव मिळालं की माणूस हरखायचं. दारातूनच ओरडायचं, "अगं, मला हाक मार बघू!"

मोठ्या वन्संना मी नाव दिलं नाही.

कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण त्या लग्न होऊन लागोसला, सणासुदीलाच येणार. आल्या की मी "अहो, ऐकलंत का" म्हणे, नाहीतर समोर जाऊन गुडघे टेकून नमस्कार करी आणि त्या बघेपर्यंत तशीच राही. सासूबाईंच्या मात्र लक्षात आलं होतं. दर दोन-चार वर्षांनी सूत गुंडाळता गुंडाळता त्या विचारत, "थोरलीला दिलंस का गं नाव?"

"देते, आई."

"दे. नाहीतर मला उशीर होईल."

संध्याकाळी त्या मला त्यांची ओरिकी शिकवत. प्रत्येक घराची, प्रत्येक माणसाची आपली बिरुदं असतात. ती गायची सुनांनी. "लेकी दुसऱ्याच्या घरी जाऊन तिथली गातात," त्या म्हणत. "मीपण साकी गावची, बाहेरचीच. माझ्या सासूनं मला दिली, मी तुला देते. मी गेले की पुढे तू चालायचंस."

आणि रात्री माहेरून, ओनित्शाहून, माझ्या आईचा फोन आला की मी आमच्या इग्बो भाषेत आवाज खाली आणून बोलायची. आई विचारायची, "त्या बाईचं काय नवीन?" आणि मी तिला वन्संबद्दल सांगायची. त्या बोलण्यात वन्संना एक नाव होतं. गोड नव्हतं.

सासूबाई गेल्या त्याच्या दोन महिने आधी निवडणूक झाली होती. लागोसमध्ये लोक एकमेकांची आडनावं चाचपायला लागले होते, योरुबा की इग्बो. वन्संच्या गल्लीतली माझ्या मुलखातल्यांची दुकानं आठवडाभर बंद होती, आणि उघडली तेव्हा शेजाऱ्यांचे नमस्कार बंद झाले होते. ती सगळी धग घेऊन वन्सं मोटारीतून उतरल्या. मागून उतरली ती ओयोची एक गाणारीण, हातात घुंगरांची काठी घेतलेली.

निरोपाची मिरवणूक दुपारी निघायची होती. सगळ्यांनी एकाच निळ्या कापडाचे कपडे शिवले होते. थोरली सून सासूची तसबीर छातीशी धरून, तिची ओरिकी गात गावभर पुढे चालते, बाकी सुना झेलतात. तसबीर बैठकीत होती. मी उचलायला गेले तेव्हा ती आधीच वन्संच्या हातात होती.

"तू मागे चाल," त्या म्हणाल्या.

"अहो, हे सुनेचं काम आहे."

"म्हणूनच बाई आणलीय. माझी आई गाव सोडून निघताना एका यीबोच्या तोंडातून निघायची नाही."

यीबो हे इग्बोंना हिणवून म्हणायचं. गाणारीण भिंतीकडे बघत उभी राहिली. नवरा पुढे झाला, "आक्का, आज नको," म्हणाला.

"आज नको तर कधी? आईला पुन्हा एकदा न्यायचंय का? तुम्हाला इथे कळत नाही. तिथे आमच्या गल्लीत उद्या हे लोक म्हणतील, गाव आमचंच. घर मागतात, बाजार मागतात, आता आमचे मेलेलेही मागतात!"

"मी घर मागितलं नाही," मी म्हणाले. "मागच्या खोलीत सत्तावीस वर्षं राहिलेय. आईंना शेवटचं पाणी मी पाजलंय. आज मी मागे चालले तर मी या घरात कुणीच नव्हते."

अंगणातले माग थांबलेलेच होते. आता माणसंही थांबली. घरातले वडील, माझे चुलतसासरे, ओट्यावर बसले होते. थोरली लेक आणि थोरली सून, दोघींचाही शब्द त्यांना मोडता येईना.

"हिला येते का ती ओरिकी?" त्यांनी शेवटी विचारलं.

"येते," मी म्हणाले.

"पोपटालाही येते," वन्सं म्हणाल्या. "म्हणायला लावा. इथेच, माझ्यासमोर. एक शब्द चुकला तर मागे. नाही चुकला तर मी तोंड उघडणार नाही."

वडिलांनी मान हलवली. मी अंगणाच्या मधोमध गेले. ऊन डोक्यावर आलं होतं. समोर ओट्यावर वन्सं, छातीशी तसबीर. तसबिरीतून सासूबाई माझ्याचकडे बघत होत्या, डोक्यावरचं फडकं नेहमीसारखं एका बाजूला कललेलं. मी गुडघे टेकले, उठले, आणि सुरू केलं.

*ऊठ गं साकीच्या लेकी, माग जागा झाला,*
*धोटा पळे पाण्यापरी, ताणा उन्हात आला.*
*तुझ्या अंगणी दगड, तोही सूत ओढी,*
*तुझ्या हातची निळाई धुतली तरी न सोडी.*

मागून सुनांनी झेललं. गाणारिणीनं नकळत काठी हलवली, घुंगरू वाजले. मी सासूबाईंच्या माहेरच्या पायवाटा म्हटल्या, त्यांच्या बापाचं शिकारीचं वेड म्हटलं, पिठात मीठ विसरण्याची त्यांची खोडही म्हटली, कारण ओरिकीत नुसती स्तुती नसते. वन्संचे ओठ माझ्याबरोबर हलायला लागले होते. मग थांबले. त्यांना पुढचं येत नव्हतं. मला येत होतं. माझा आवाज वर चढला, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचा आनंद झाला, वाईट आनंद.

त्या आनंदात मी लेकरांपर्यंत आले. लेकरं धाकट्यापासून वर घ्यायची, जिना चढावा तशी, आणि सुनेनं ती आपण दिलेल्या नावानंच घ्यायची.

*धाकटी तुझी कापूसबोंडी, उन्हात उकलली,*
*मधला तुझा कवडीदात्या, हसला, वाट उजळली,*
*तिसरा तुझा फळ्याचा धनी, हात खडूनं पांढरे,*
*थोरली तुझी*

आणि तिथे काही नव्हतं.

सासूबाई शिकवताना ही जागा मोकळी सोडायच्या. इथे तुझं घाल, म्हणायच्या. मी म्हणायची, घालेन.

मागच्या सुना ओळ झेलायला तोंडं उघडून उभ्या होत्या. ती उघडीच राहिली. कवडीदात्या कुजबुजले, "काहीही म्हण ना! टपोरे डोळे म्हण, मोराची मान म्हण!" खरंच, अशी तयार नावं ढीगभर असतात, गावातली प्रत्येक सून कुणाला ना कुणाला देते. एक उचलायचं, घालायचं, संपलं. वन्संना ते आवडलंही असतं.

मी तसबिरीकडे पाहिलं. तुला दिसेल ते दे.

"थांबलीस का?" वन्संचा आवाज हळू होता. "म्हण की. थोरली तुझी... पुढे?"

"पुढे नाही," मी म्हणाले. "तुम्हाला मी नाव दिलं नाही."

अंगणात एक सुस्कारा फिरला.

"ऐकलंत?" वन्सं वडिलांकडे वळल्या, पण त्यांच्या आवाजातला विजय अर्धवटच बाहेर आला. त्या परत माझ्याकडे वळल्या. "कुणालाच नाही? का मलाच?"

"तुम्हालाच."

"मी काय केलं होतं तुझं?"

"माझे पाय धूत होते तेव्हा तुम्ही म्हणालात, दगड खाऊन पाणी न पिणारी जात."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्या खरोखर आठवत होत्या, आणि त्यांना सापडत नव्हतं. ते बघणं मला सर्वांत जड गेलं. मी सत्तावीस वर्षं उराशी धरलेलं त्यांनी कधी उचललंच नव्हतं.

"म्हणाले असेन," त्या म्हणाल्या. "सगळेच म्हणतात."

"हो. सगळेच म्हणतात."

त्या खाली उतरल्या. अंगणातल्या एका ताण्यावरून पाय उचलून माझ्याजवळ आल्या, अगदी जवळ. त्यांच्या अंगाला प्रवासाचा आणि आईच्या कापडांच्या पेटीतला कापराचा वास येत होता. त्यांनी तसबीर माझ्या हातात दिली. पण सोडली नाही. चौकटीला चार हात लागले होते.

"शब्द चुकला नाही तुझा," त्या म्हणाल्या. "खोटाही घातला नाहीस. तूच पुढे चाल. पण एक सांगितल्याशिवाय सोडणार नाही. सत्तावीस वर्षं बिननावाची मी नव्हतेच. बाई बाईला ओळखते. रात्री फोनवर तुझ्या आईशी बोलायचीस तेव्हा तुझा आवाज खाली जायचा. एकदा मी पाणी प्यायला उठले होते. भाषा कळली नाही, हसणं कळलं. काय म्हणायचीस मला?"

"अहो, आज नको."

"आईच्या समोर सांग. मी दगड म्हणाले ते सगळ्यांसमोर म्हणाले."

चौकटीची लाकडी कड माझ्या तळव्यात रुतत होती. आमच्या मुलखात योरुबांना जे म्हणतात तेच ते. त्यांच्या भाजीवर बोटभर तेल तरंगतं म्हणून. पण म्हणायचं असतं त्याहून जास्त: वरून चकाकणारी, आत खोली नसलेली, धरायला गेलं तर हातातून निसटणारी माणसं. माझी मुलंसुद्धा या घरचीच. त्यांच्या कानावर ते कधी पडू दिलं नव्हतं, आणि बोलायचं मात्र कधी थांबवलं नव्हतं.

वन्संच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या ते पुसायला हात काढत नव्हत्या.

"तेलाचा रस्सा," मी म्हणाले. "माझ्या आईला मी तुमचं नाव कधी सांगितलंच नाही. तिला अजून वाटतं, तुमचं नाव तेच आहे."